मंद्र ध्वनिक्षेपक

मंद्र ध्वनिक्षेपक : श्राव्य ध्वनीच्या पट्ट्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे सु. २० ते १२० हर्ट्झ या मर्यादेतील कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात, हर्ट्झ हे तिचे एकक) पुनरुत्पादन करण्यासाठीच बनविलेला स्वतंत्र ध्वनिक्षेपक. व्यवहारात तो सबवूफर या नावाने परिचित आहे. श्रोत्याच्या पुढून, बाजूंनी व मागून ध्वनी ऐकविणाऱ्या घरगुती परिसरध्वनी प्रणालीत त्याच्या जोडीला सु. ७ ते १० सेंमी. व्यासाचे पडदे असलेले छोटे ध्वनिक्षेपक वापरतात. त्यांना उपग्रह ध्वनिक्षेपक असे म्हणतात. छोटे ध्वनिक्षेपक भिंतीवर किंवा फडताळात सहज मावतात व खोलीतील जागा अडवीत नाहीत, हा या योजनेचा मुख्य लाभ होय. तथापि एकाच ध्वनीचे दोन भाग दोन निराळ्या यंत्रांकडून वदवून घेऊन ते श्रोत्याच्या कानाशी पुन्हा बेमालूम जोडावयाचे असल्यामुळे त्यांची जुळणी हा या प्रणालीतील कळीचा प्रश्न आहे. जुळणी साधली तर मंद्र ध्वनिक्षेपक खोलीत कोठे आहे हेही कळत नाही. ती बिघडली तर संवाद पोकळ, ताल घुमटलेला व संगीत दुभंगलेले ऐकू येते. महागड्या संचांतही हा दोष आढळतो आणि पुष्कळदा तो यंत्रांचा नसून मांडणीचा असतो.

इतिहास : आजच्या ध्वनिक्षेपकांचा पूर्वज असलेला चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत सिद्ध केला. खालच्या कंप्रतांसाठी त्या काळी फार मोठ्या पेट्या लागत. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल ध्वनी मिळविला. ऑस्ट्रेलियातील ए. एन. थील (१९६१) आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल (१९७० नंतरचे दशक) यांनी पेटी व पडदा यांच्या वर्तनाचे गणित मांडले. तेव्हापासून पेटीचे आकारमान अंदाजाने न ठरविता गणनाने ठरविता येऊ लागले.

चित्रपटगृहांत मंद्र ध्वनीचा स्वतंत्र वापर १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटाच्या वेळी गाजला. भूकंपाचा भास व्हावा म्हणून प्रेक्षागृहांत त्यासाठी खास प्रचंड ध्वनिक्षेपक बसविण्यात आले होते. १९७७ मधील ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाच्या ७० मिमी. प्रतींत खालच्या कंप्रतांसाठी वेगळे ध्वनिमार्ग राखलेले होते. भारतात १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या चित्रपटाची ७० मिमी. व बहुमार्गी ध्वनीची प्रत मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात दीर्घकाळ चालली आणि ध्वनीला दिशा व वजन असते, याची जाणीव सामान्य प्रेक्षकाला झाली. पाच पूर्ण ध्वनिमार्ग आणि केवळ मंद्र परिणामांसाठी एक मर्यादित मार्ग या योजनेला ‘५·१’ हे नाव टॉमलिन्सन होल्मन यांनी १९८७ मध्ये सुचविले. पूर्ण मार्गाच्या तुलनेत सहाव्या मार्गाची कंप्रता-व्याप्ती फारच अल्प, म्हणून तो ‘·१’ होय. त्याच वर्षी अमर बोस यांच्या अमेरिकेतील कंपनीने अतिशय छोटे उपग्रह व एक दडवून ठेवता येण्याजोगा मंद्र ध्वनिक्षेपक अशी घरगुती जोडणी बाजारात आणली. १९९२ मध्ये अंकीय ५·१ ध्वनी चित्रपटगृहांत आला. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी तबकडी विक्रीस आल्यावर तो घराघरांत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

लहान पडद्याची मर्यादा : ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढेमागे हलून हवेचे आकारमान ढकलतो. ध्वनीची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. जमिनीवर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकापासून १ मी. अंतरावर ४० हर्ट्झचा ध्वनी ९० डेसिबल पातळीने मिळविण्यासाठी पडद्याने मध्यस्थितीपासून दोन्ही बाजूंना सु. ७४ घ. सेंमी. हवा हलवावी लागते. ५० चौ. सेंमी. परिणामी क्षेत्रफळाच्या (सु. १० सेंमी. व्यासाच्या) पडद्याला त्यासाठी सु. १५ मिमी. इतका परमप्रसर लागेल. असे पडदे प्रत्यक्षात २–३ मिमी.पलीकडे शुद्धपणे हलू शकत नाहीत. ३३० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या (सु. २५ सेंमी. व्यासाच्या) पडद्याला मात्र सु. २·२ मिमी. परमप्रसर पुरतो. उलट १६० हर्ट्झला तेच काम छोटा पडदा १ मिमी.पेक्षाही कमी हालचालीत करतो. यावरून श्रमविभागणीचे तत्त्व स्पष्ट होते. छोट्या पडद्याकडून खालचे काम काढून घेतले म्हणजे त्याचे वरचे कामही अधिक स्वच्छ होते. म्हणून उपग्रहांकडे जाणाऱ्या संकेतातून खालच्या कंप्रता गाळणे हे मंद्र ध्वनिक्षेपक जोडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

विभाजन कंप्रता : ज्या कंप्रतेपाशी उपग्रहाचे काम संपते व मंद्र ध्वनिक्षेपकाचे सुरू होते तिला विभाजन कंप्रता (व्यवहारात क्रॉसओव्हर) म्हणतात. ती ठरविताना दोन परस्परविरोधी गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे उपग्रहाची खालची मर्यादा. समजा, एखादा उपग्रह १५० हर्ट्झच्या खाली दुबळा पडतो आणि विभाजन ८० हर्ट्झला केले आहे. अशा वेळी ८० ते १५० हर्ट्झ हे जवळजवळ एक सप्तक कोणाच्याच वाट्याला येत नाही. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर बहुधा याच पट्ट्यात असतो. त्यामुळे नटाचा आवाज डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मंद्र ध्वनिक्षेपकाची पातळी वाढविली, तर ५० हर्ट्झचा घुमारा वाढतो, पण दरी तशीच राहते. घरगुती संचांत सर्वाधिक आढळणारा दोष हाच होय. दुसरी गोष्ट म्हणजे दिशेचे ज्ञान. सु. ८० हर्ट्झच्या खाली बंद खोलीत ध्वनी कोठून येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. १२० हर्ट्झच्या वर ते हळूहळू ओळखू येऊ लागते. १८० किंवा २०० हर्ट्झला विभाजन केले, तर पडद्यावरील पात्राच्या आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातील पेटीतून येत असल्याचे जाणवते.

८० हर्ट्झ ही प्रचलित विभाजन कंप्रता या तडजोडीतून आली आहे, परंतु ती १२ सेंमी. किंवा त्याहून मोठ्या पडद्याच्या उपग्रहांना लागू पडते. ७–८ सेंमी. पडद्याच्या उपग्रहांना १२० ते १५० हर्ट्झ घ्यावी लागते. अशा वेळी मंद्र ध्वनिक्षेपक दूरच्या कोपऱ्यात न ठेवता पुढील मध्य उपग्रहाच्या जवळ ठेवणे इष्ट असते. सामान्य नियम असा की, उपग्रहाच्या निर्मात्याने दिलेल्या खालच्या मर्यादेच्या किमान अर्धे सप्तक वर विभाजन करावे. उदा., मर्यादा ८० हर्ट्झ असेल, तर विभाजन सु. ११० ते १२० हर्ट्झला करावे.

विभाजन एकदम भिंत घातल्यासारखे होत नाही, ते उताराने होते. १९७६ मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांनी सुचविलेल्या छानकात विभाजन कंप्रतेपाशी दोन्ही बाजूंची पातळी ६ डेसिबलने उतरते आणि दोहोंचे ध्वनी समकलेत मिळून मूळ पातळी पुन्हा प्राप्त होते. दर सप्तकास २४ डेसिबल हा त्याचा नेहमीचा उतार होय. हवाबंद पेटीतील उपग्रह आपल्या मर्यादेखाली स्वभावतःच सप्तकास १२ डेसिबलने उतरतो. त्याला त्याच कंप्रतेचा १२ डेसिबल उताराचा छानक जोडला म्हणजे एकूण उतार २४ डेसिबल होतो व मंद्र बाजूच्या २४ डेसिबल उताराशी तो जुळतो. छिद्रयुक्त पेटीच्या उपग्रहांत हे गणित बदलते. जोडणीत एक गोष्ट विसरता कामा नये : विवर्धकातच विभाजन होत असेल, तर मंद्र ध्वनिक्षेपकावरील विभाजनाची खुंटी पूर्ण वर ठेवावी किंवा तेथील छानक बंद करावा. अन्यथा ध्वनी दोनदा गाळला जाऊन नेमकी जोडाची जागा खचते.

कला व विलंब : ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ४·३ मी. आहे. मंद्र ध्वनिक्षेपक व उपग्रह यांच्यापासून श्रोत्यापर्यंतच्या अंतरांत तिच्या निम्मा, म्हणजे सु. २·१ मी. फरक पडला, तर दोन्ही तरंग विरुद्ध कलेत येऊन परस्परांना मारक ठरतात आणि जोडाच्या जागी ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो. ध्वनीला १ मी. अंतर कापण्यास सु. २·९ मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबाने आधुनिक विवर्धकांत प्रत्येक ध्वनिक्षेपकाचे अंतर नोंदवून विलंब देण्याची सोय असते. मंद्र ध्वनिक्षेपकातील छानकांमुळे त्याचा ध्वनी मुळातच काहीसा उशिरा निघतो. म्हणून त्याचे नोंदवावयाचे अंतर प्रत्यक्ष मोजलेल्या अंतरापेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते.

साधी परीक्षा अशी : विभाजन कंप्रतेचा अखंड स्वर लावून श्रोत्याने नेहमीच्या जागी बसावे व दुसऱ्याने मंद्र ध्वनिक्षेपकावरील कलेची कळ ० व १८० अंश यांमध्ये फिरवावी. ज्या स्थितीत स्वर मोठा ऐकू येतो ती स्थिती बरोबर असते. दोन्ही स्थितींत फरक जाणवत नसेल, तर अंतराची नोंद थोडीथोडी बदलून हीच परीक्षा पुन्हा करावी.

खोलीचा प्रभाव : मंद्र पट्ट्यात ध्वनिक्षेपकाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व खोलीला असते. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे असेल, तर त्या कंप्रतेला अप्रगामी तरंग निर्माण होतात [⟶ अनुस्पंदन]. महाराष्ट्रातील लहान शहरांत दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच ही खोली सर्रास आढळते. तिच्या लांबीमुळे सु. ४७ हर्ट्झला आणि रुंदी व उंची समान असल्याने सु. ५६ हर्ट्झला दुहेरी अनुस्पंदन होते. लांबीच्या नेमक्या मध्यावर बसणाऱ्याला ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, तर ९४ हर्ट्झ जादा ऐकू येते. भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्याला सर्वच घुमारे अतिरेकाने ऐकू येतात. लांबीच्या सु. एक-तृतीयांशावर बसणे हा मधला मार्ग होय.

बुलढाणा जिल्ह्यातील घरांची उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. विटांच्या भिंती व सिमेंट काँक्रीटचा स्लॅब खालच्या कंप्रता जवळजवळ जशाच्या तशा परतवितात. त्यामुळे अशा खोलीत घुमारा तीव्र असतो व लांबतो. पत्र्याच्या छपरातून मंद्र ध्वनी मोठ्या प्रमाणात बाहेर निसटतो, पण पत्रे व त्यांचे आकडे स्वतःच थरथरू लागतात. जुन्या घरांतील लाकडी फळ्यांची तक्तपोशी कंप पावून काही ऊर्जा शोषून घेते. मांडणीवरील भांडी, कपाटांची दारे व खिडक्यांच्या काचा यांची खणखण हा पुष्कळदा ध्वनिक्षेपकाचाच दोष समजला जातो. एकेक स्वर खालून वर चढवीत नेल्यास कोणती वस्तू कोणत्या कंप्रतेला वाजते ते सापडते. तापमानाचा प्रभाव मात्र किरकोळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. हिवाळी पहाटेच्या १५° से.च्या तुलनेत ४०° से.ला ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३४० मी.वरून ३५५ मी.पर्यंत वाढतो. तथापि वरील खोलीचे पहिले अनुस्पंदन त्यामुळे केवळ २ हर्ट्झने सरकते.

एकोणिसाव्या शतकापासून कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव याच जिल्ह्यात आहे आणि कापसाच्या गाद्या घरोघरी असतात. भिंतीशी गादी उभी केल्यास घुमारा जाईल, असा समज आढळतो. सच्छिद्र पदार्थ ध्वनी चांगला शोषतो, पण त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाशी तुल्य असावी लागते. १० सेंमी. जाडीची गादी काहीशे हर्ट्झच्या वरचा ध्वनी उत्तम शोषते. ५० हर्ट्झसाठी मात्र चतुर्थांश तरंगलांबी सु. १·७ मी. होते. त्यामुळे पातळ गाद्यांनी खोलीतील वरचा ध्वनी मरतो, घुमारा तसाच राहतो व एकंदर ध्वनी अधिकच मंद भासतो. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत ४०–५० सेंमी. जाडीचा थर रचल्यास काही प्रमाणात गुण येतो. परंतु कापूस ज्वालाग्राही असल्याने विजेच्या जोडण्यांपासून तो दूर ठेवणे अगत्याचे आहे.

मंद्र ध्वनिक्षेपकाची जागा शोधण्याची एक सुलभ रीत ध्वनीच्या पारस्परिकतेच्या तत्त्वावर आधारलेली आहे. उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी त्यांमधील ध्वनिसंक्रमण बदलत नाही. म्हणून मंद्र ध्वनिक्षेपक तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून खालच्या स्वरांचे संगीत लावावे व भिंतींच्या कडेने, जमिनीलगत कान नेत फिरावे. जेथे सर्व स्वर सारख्या वजनाने ऐकू येतील ती जागा ध्वनिक्षेपकासाठी निवडावी. कोपऱ्यात पातळी सर्वाधिक मिळते, पण खोलीतील सर्व अनुस्पंदनेही तेथूनच जागी होतात. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन ध्वनिक्षेपक ठेवल्यास अनेक आसनांवर सारखा ध्वनी मिळतो, हे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. एका मोठ्या ध्वनिक्षेपकापेक्षा दोन मध्यम आकाराचे ध्वनिक्षेपक पुष्कळदा अधिक उपयुक्त ठरतात, ते यामुळेच.

पातळीची जुळणी : मानवी कान खालच्या कंप्रतांना कमी संवेदनशील असतो. हार्व्ही फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे मापन केले. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबल स्वराइतकाच मोठा भासण्यासाठी ५० हर्ट्झचा स्वर सु. ७८ डेसिबल असावा लागतो. १,००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबल असताना मात्र ५० हर्ट्झला सु. १०२ डेसिबल पुरतात. म्हणजे एकीकडे ४० डेसिबलची वाढ होते तेव्हा दुसरीकडे २४ डेसिबलचीच आवश्यकता असते. म्हणून मोठ्या आवाजात जुळविलेला संच रात्री हळू आवाजात लावला की, मंद्र भाग लोप पावल्यासारखा वाटतो. श्रोता मग मंद्र पातळी वाढवितो आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवायला विसरतो. पातळी नेहमीच्या ऐकण्याच्या आवाजात, शक्यतो ध्वनिपातळी मापकाने व सर्व मार्गांना सारखी, अशी ठरवावी आणि ती वारंवार बदलू नये.

ग्रामीण भागात विजेचा दाब उतरतो हेही ध्यानात घेतले पाहिजे. नियमनरहित पुरवठा असलेल्या विवर्धकाची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचा दाब १८० व्होल्टवर आला तर ती सु. ३९ टक्क्यांनी घटते व प्रथम मंद्र स्वरच फाटू लागतात.

भारतीय संगीत व परीक्षा : चित्रपटांतील स्फोट व गडगडाट २० ते ४० हर्ट्झपर्यंत उतरतात. आपल्या संगीताची खालची सीमा मात्र बहुधा त्याहून वर असते. काळी एक हा षड्ज मानणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सु. १३९ हर्ट्झ व तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर सु. ६९ हर्ट्झ असतो. डग्ग्याचा मूळ स्वर साधारणतः १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो. म्हणजे अभंग, भजन, नाट्यगीत किंवा ख्याल ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत खोल स्वरापेक्षा जोडाच्या आसपासचे सप्तकच निर्णायक ठरते. मूळ स्वर गहाळ असला, तरी त्याच्या वरच्या सांवादिक स्वरांवरून कान तो ओळखून काढतो. यामुळे छोट्या उपग्रहावरही खर्ज ‘कळतो’, पण त्याचे वजन जाणवत नाही. शाईच्या लेपामुळे तबल्यातून असे सांवादिक उपस्वर निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० व १९३४ मधील संशोधनात दाखविले होते.

जुळणी तपासण्यासाठी डग्ग्याइतके चांगले साधन क्वचितच असेल. तळहाताने पुडीवर घिस्सा घेताना डग्ग्याचा स्वर सलग वर चढतो आणि विभाजन कंप्रतेच्या परिसरातून सरकत जातो. जुळणी नीट असेल तर तो एका हाताखालचा, एका जागेवरचा वाटतो. घिश्शात मध्येच आवाज दबला तर कलेचा किंवा विभाजनाचा दोष समजावा. एखाद्याच ठिकाणी तो फुगला तर खोलीचे अनुस्पंदन समजावे. चढताना तो एका पेटीतून दुसरीत उडी घेत असेल तर विभाजन कंप्रता फार वर आहे असे समजावे.

शेजार व कायदा : भिंतीतून ध्वनी किती अडतो हे तिच्या वस्तुमानावर व ध्वनीच्या कंप्रतेवर अवलंबून असते. कंप्रता निम्मी झाली की, अडथळा ढोबळमानाने ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे सामाईक भिंतीपलीकडे संवाद पोहोचत नाहीत, पण ठोके पोहोचतात. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज मालकाच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. हे मापन कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित केलेल्या ‘ए’ श्रेणीत होते व त्यात ५० हर्ट्झचा ध्वनी सु. ३० डेसिबल कमी धरला जातो. त्यामुळे मापक नियमाच्या आत असतानाही शेजारच्या आजाऱ्याची किंवा परीक्षार्थीची झोप मोडू शकते. ध्वनिक्षेपकाखाली जाड रबराची बैठक दिल्यास जमिनीतून जाणारी थरथर काहीशी कमी होते, हवेतून जाणारा ध्वनी मात्र तिने थांबत नाही. रात्री पातळी कमी करणे हाच त्यावरील खरा उपाय होय.

निवड : खोली लहान असेल तर फार मोठा मंद्र ध्वनिक्षेपक व अतिशय छोटे उपग्रह या जोडीपेक्षा, तेवढ्याच खर्चात सु. १२ सेंमी. पडद्याचे उपग्रह व २० ते २५ सेंमी. पडद्याचा मंद्र ध्वनिक्षेपक घेणे अधिक श्रेयस्कर असते. कारण अशा जोडीत विभाजन ८० ते १०० हर्ट्झला करता येते आणि संवाद व गायन यांचा गाभा एकाच ध्वनिक्षेपकातून निघतो. जाहिरातीतील वॉटचे आकडे पुष्कळदा क्षणिक कमाल शक्तीचे असल्यामुळे त्यांपेक्षा उपग्रहाची खालची मर्यादा, पेटीचा प्रकार, विभाजनाची व्याप्ती आणि कला-नियंत्रणाची सोय यांना निवडीत अधिक महत्त्व द्यावे.